'लक्ष देणे', 'लक्ष जाणे' आणि 'अवधान'

एका अनुवादिकेने विचारले आहे की, दृष्टी, लक्ष आणि निर्णय यांच्या संबंधावरील शास्त्रीय लेखाचे मराठीकरण करताना 'लक्ष', 'ध्यान' आणि 'अवधान' यांपैकी कोणता शब्द घ्यावा, आणि 'लक्ष दिले' व 'लक्ष गेले' हे प्रयोग एकमेकांच्या जागी वापरले तर काही बिघडते का. नमुन्यादाखल त्यांनी आपली दोन वाक्ये दिली आहेत: 'ठिपक्यामुळे डावीकडे लक्ष दिल्याने डावी आकृती ठळक दिसली' आणि 'तज्ज्ञांच्या नजरचुकीमुळे गोरिला दिसला नाही'.

'ध्यान' प्रथमच बाजूला ठेवावे. 'ध्यानात ठेवणे', 'ध्यानीमनी नसताना' यांत त्याचा जुना अर्थ टिकून असला, तरी आज तो शब्द वाचताच मांडी घालून डोळे मिटलेला माणूस समोर येतो, आणि 'काय ध्यान आहे!' हा उद्गार तर आणखी भलतीकडे नेतो.

'अवधान' मात्र बावनकशी आहे. 'धा' म्हणजे ठेवणे; त्याला 'अव' जोडून झालेल्या या शब्दात मन एखाद्या ठिकाणी नेऊन ठेवण्याची क्रिया आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच 'तरी अवधान एकलें दीजे' असा होतो. लग्नात मंगलाष्टकांनंतर आणि शाळेच्या मैदानावर कवायतीत ऐकू येणारे 'सावधान' म्हणजे तरी 'अवधानासह' एवढेच. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पारिभाषिक शब्द म्हणून 'अवधान' रूढ आहेच, तेव्हा संकल्पनेचे नाव म्हणून तोच घ्यावा. अडचण येते ती क्रियापदाशी. अवधान देता येते, ठेवता येते, ते ढळते किंवा सुटते. पण 'माझे अवधान तिकडे गेले' असे कोणी म्हणत नाही. लक्ष मात्र देताही येते आणि ते आपण न देता जातेही.

हा फरक केवळ शैलीचा नाही. प्रयोगशाळेत जे दोन प्रकार वेगळे मोजले जातात, तेच आपल्या या दोन क्रियापदांत आहेत. पडद्याच्या कडेला अचानक ठिपका चमकला की लक्ष आपसूक तिकडे जाते आणि साधारण १०० ते १२० मिलिसेकंदांत त्याचा जोर शिगेला पोचतो. उलट 'आता डावीकडे लक्ष ठेवा' अशी सूचना मिळाल्यावर स्वेच्छेने लक्ष द्यायला सुमारे ३०० मिलिसेकंद लागतात. नजर एका जागेवरून दुसरीकडे वळवायलाही बहुधा २०० मिलिसेकंद लागत असल्यामुळे, पहिल्या प्रकारात डोळे जागचे हलण्यापूर्वीच लक्ष जाऊन पोचलेले असते. 'नजर इकडे आणि लक्ष तिकडे' असे आपण वर्गातल्या मुलाला रागावून म्हणतो. एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अंधाऱ्या पेटीत विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडात अक्षरे पाहून तेच दाखवले होते. नजर एका बिंदूवर खिळलेली असूनही, ज्या बाजूकडे लक्ष द्यायचे आधी ठरवले असेल, तिकडची अक्षरे त्याला वाचता येत.

आता पहिले वाक्य पाहू. तो प्रयोग मानसशास्त्रज्ञ मारिसा कॅरॅस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला असावा, असे वर्णनावरून दिसते. नजर मध्यबिंदूवर; डावीकडे किंवा उजवीकडे एक ठिपका क्षणभर चमकतो; लगेच दोन्ही बाजूंना तिरप्या रेघांच्या पुसट आकृत्या येतात; आणि जी अधिक ठळक असेल तिच्या रेघा कोणत्या बाजूला कललेल्या आहेत, ते सांगायचे असते. दोन्ही आकृत्या सारख्याच ठळक असल्या तरी लोक ठिपक्याच्या बाजूची अधिक वेळा निवडतात. येथे कोणी लक्ष 'दिलेले' नाही. म्हणून 'ठिपका चमकताच लक्ष डावीकडे वेधले गेले' असे लिहावे.

याच वाक्यातले 'दिसली' हे क्रियापद त्याहून नाजूक आहे. 'ठळक दिसली', 'ठळक वाटली' आणि 'ठळक म्हणून निवडली' या तीन पायऱ्या आहेत, आणि शास्त्रज्ञांचा वाद नेमका त्यांवरच झाला. कॅरॅस्को यांच्या मते लक्षामुळे आकृतीचे रूपच बदलते, म्हणजे ती खरोखर तशी दिसते. २००८ मध्ये श्नायडर आणि कोम्लोस यांनी 'अधिक ठळक कोणती' हा प्रश्न बदलून 'दोन्ही सारख्या आहेत का' असे विचारले, तेव्हा तो परिणाम त्यांना आढळला नाही. त्यावरून त्यांनी म्हटले की बदलते ते दिसणे नव्हे, तर उत्तर देतानाचा कल. कॅरॅस्को यांच्या गटाने पुढे त्यालाही उत्तर दिले. तेव्हा जेथे लेखकाने बाजू घेतलेली नाही, तेथे अनुवादिकेनेही घेऊ नये. 'निवडली' हे सर्वांना मान्य असलेले क्रियापद सुरक्षित आहे.

दुसऱ्या वाक्यातला गोरिला २०१३ च्या प्रयोगातला आहे. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे गोरिलाचे चित्र त्यात मिसळून दाखवले. २० जणांना ते दिसले नाही. गाठी पांढुरक्या असतात, गोरिला काळपट होता. तांदूळ निवडताना मी काळे खडे शोधत असलो की पांढरी गार नेमकी हातातून निसटून जाते आणि घास घेताना दाताखाली येते, त्यातलाच हा प्रकार. पण डोळ्यांच्या हालचालींच्या नोंदींवरून असे निघाले की त्या २० पैकी १२ जणांची नजर थेट गोरिलाच्या जागेवर पडलेली होती. येथे मराठीतले 'कडे' हे छोटे शब्दयोगी अव्यय फार कामाचे आहे. 'त्यांनी गोरिला पाहिला' म्हटले की तो दिसल्याचे गृहीत धरले जाते. 'त्यांनी गोरिलाकडे पाहिले' म्हटले तर तसे बंधन नाही, आणि पुढे 'पण त्यांना तो दिसला नाही' हे विसंगती न होता जोडता येते. 'त्यांनी पाहिले' यात कर्ता काही करतो, 'त्यांना दिसले' यात त्याच्या बाबतीत काही घडते, आणि ते घडायला नजरेखेरीज अवधानही लागते.

म्हणूनच 'नजरचूक' हा रोजच्या वापरातला शब्द येथे त्या १२ जणांच्या नजरेवर अन्याय करतो, कारण ती जागेवरच होती. 'दुर्लक्ष' लिहिले तर हलगर्जीपणाचा आरोप होतो, आणि ते तर मन लावून गाठी शोधत होते. कार्यालयीन पत्रांत 'अनवधानाने राहून गेले' असे लिहून आपण ज्याला गुळगुळीत करून टाकले आहे, तो 'अनवधान' हा शब्द मात्र येथे अक्षरशः लागू पडतो: 'तज्ज्ञांनी गोरिलाकडे पाहिले, परंतु अवधान गाठींवर असल्याने त्यांना तो दिसला नाही.'