विरजण मागायला शेजारी जावं का?

"मॅडम, इथे राहायला येऊन दीड वर्ष झालं, पण अख्ख्या सोसायटीत मला नावाने हाक मारणारं कोणी नाही. माझंच काही चुकतंय का?"

बदलापूर, डोंबिवली, घोडबंदर रोड अशा भागांतून येणाऱ्या लोकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. विचारणाऱ्याला त्याची लाजही वाटत असते. एवढीशी गोष्ट घेऊन समुपदेशकाकडे काय जायचं, असं वाटून माणसं फार उशिरा येतात. म्हणून त्यातली एक हकीकत इथे सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना आपण नुसतं ताई म्हणू.

ताई पन्नाशीच्या. लग्न झाल्यापासून गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या. मग ती खोली विकून बदलापूरला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. यजमान सकाळच्या लोकलने कामावर जायचे ते रात्री नऊला घरी. मुलगी शिकायला पुण्याला. ताईंची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं. ईसीजी नॉर्मल आला आणि फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं.

"प्रयत्न केला नाही असं नाही हो," त्या म्हणाल्या. "गणपतीत गेले, हळदीकुंकवाला गेले, सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनालाही गेले. खुर्चीवर बसले, कार्यक्रम बघितला, प्रसाद घेतला, घरी आले. सगळ्यांचे ग्रुप आधीच ठरलेले."

मी विचारलं, "चाळीत गणपतीला तुम्ही कुठे बसायचात?"

"बसायला वेळ कुठे असायचा! खिरापतीचं खोबरं किसायचं काम माझ्याकडे असायचं. शिवाय आरतीची ताटं, आलेल्यांचं चहापाणी."

गाठ इथेच होती. चाळीत ताई कधी प्रेक्षक नव्हत्याच. बदलापुरात मात्र त्या प्रत्येक वेळी पाहुण्यासारख्या वेळेवर गेल्या आणि पाहुण्यासारख्या परत आल्या. ओळखी होतात त्या कार्यक्रमाच्या आधी दोन तास, सतरंज्या घालताना आणि फुलं निवडताना. स्टेजवर नाच चालू असताना शेजारच्या खुर्चीवरच्या बाईशी काय बोलणार?

चाळीत कॉमन गॅलरी, नळ, जिना हे ओळखी करून देण्याचं काम आपसूक करतात. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाची कोणाशी मैत्री होते हे तिथे दारं किती जवळ आहेत आणि जाता-येता कोण समोर येतं, यावर मोठ्या प्रमाणात ठरत होतं. टॉवरमध्ये लिफ्ट थेट पार्किंगला उतरते, दारं बंद असतात. समोर येण्याची सोय इमारतीने केलेली नाही, म्हणून ती आपल्याला मुद्दाम करावी लागते. ताईंच्या स्वभावात काही उणं नव्हतं, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. ते त्यांना पटायला वेळ लागला.

मग आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. पहिली, रोज संध्याकाळी सहाला सोसायटीच्या बागेत, त्याच बाकावर, अर्धा तास. मोबाईल घरी. दुसरी ताईंना जड गेली: आठवड्यातून एकदा कोणाकडे तरी काहीतरी मागायचं. "आमच्याकडे कुणापुढे हात पसरायची पद्धत नाही," त्या म्हणाल्या. पण मदत करायला सगळेच तयार असतात. मागायला कोणी धजत नाही, आणि मागितल्याशिवाय समोरच्याला आपल्या घरात शिरायला वाट मिळत नाही. प्लंबरचा नंबर चालेल, चांगला भाजीवाला कोणता हे चालेल, विरजण तर उत्तमच. कारण विरजण दिलेली बाई दुसऱ्या दिवशी विचारतेच, दही लागलं का.

पहिल्या दारावर उत्तर मिळालं, "आम्ही पाकिटातलंच दही आणतो." दार बंद. ताई आठवडाभर बागेतही गेल्या नाहीत. पुढच्या भेटीत आम्ही फक्त त्या एका वाक्यावर बोललो. त्यात "तुम्ही नकोत" असं कुठे होतं? ते ताईंनी जोडलं होतं. असं जोडणारे आपण सगळेच असतो. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पहिल्या भेटीनंतर समोरच्याला आपण जितके आवडलो असं माणसांना वाटतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ती जास्त आवडलेली असतात. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये हा गैरसमज काही महिने टिकून होता.

दुसरं दार खालच्या मजल्यावरच्या आजींचं. त्यांनी वाटीत विरजण दिलं आणि दुसऱ्या दिवशी खरंच बेल वाजवली. त्या आजींमुळे बागेतल्या बायका कळल्या. पुढच्या गणपतीत ताई सकाळीच घरची किसणी घेऊन हॉलमध्ये पोचल्या. "खोबरं द्या इकडे," एवढंच म्हणाल्या.

दोन गोष्टी मी आवर्जून सांगते. नव्या जागी उत्साहाच्या भरात एकदम कमिटीवर जाऊ नका. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते; त्या सभेला सभासदाने जरूर जावं, ऐकावं, माणसं समजून घ्यावीत. पण पाणी आणि पार्किंगच्या भांडणात ओळखीआधी बाजू ठरली की पुढे अवघड जातं. आणि भाड्याने राहणाऱ्यांनी "आपण काय, अकरा महिन्यांचे" असं म्हणून अंग काढून घेऊ नये. करार अकरा महिन्यांचा असला तरी माणसं त्याच भागात वर्षानुवर्षं राहतात, मुलं एकाच शाळेत जातात.

एकटेपणा आणि नैराश्य यांतला फरकही बघावा लागतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर बागेतला बाक पुरेसा नाही, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर थांबूच नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. ताईंना आम्ही सुरुवातीलाच तपासून घेतलं होतं. औषधांची गरज लागली नाही.

झोप सुधारली आहे. जिवाभावाची मैत्रीण अजून मिळालेली नाही, आणि त्याबद्दल ताईंना वाईट वाटतं. ते वाटणं रास्त आहे. जेफ्री हॉल या अमेरिकन संशोधकाच्या अभ्यासात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि घट्ट मैत्रीला २०० हून जास्त, असं दिसलं होतं. रोजच्या अर्ध्या तासात तिथे पोचायला वेळ जाणारच.

सध्या ताईंचे यजमान माझ्याकडे येतात. त्यांच्या ओळखी सगळ्या लोकलच्या डब्यातल्या, आणि निवृत्ती तोंडावर आली आहे. रविवारी सकाळी ते सोसायटीतल्या दोन मुलांना गणित शिकवतील, एवढं आम्ही ठरवलं आहे. आजींचा नातू त्यातला एक.