ज्योत काढून टाक

बाय,

तुझ्या मातीच्या मूर्तीचे फोटो मिळाले, तीनदा बघितले. बाई छान बसलीय, कणा कमरेपाशी वळतो तिथे तर हात फिरवावासा वाटला मला. पण छातीतून ती ज्योत काढलीयस ना, तिथे अडखळलो. आत्मा दाखवायचाय हे कळलं, पण तो असा वेगळा करून वर चिकटवला की खालची बाई नुसती समई होऊन बसते गं.

एक काम कर. पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, तिथे अर्धा तास थांब. येता-जाता शंभरदा बघितला असशील, आपण सगळेच बघतो, थांबत कोणी नाही. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ पासून तिथे उभा आहे. फारिया आपल्या कांदोळीचा, जन्म १७५६ चा, पॅरिसला जाऊन लोकांना संमोहनाने झोपवायचा, आणि तेव्हा मेस्मर नावाच्या डॉक्टरची माणसं सांगायची की झोपवणाऱ्याकडून कसलातरी चुंबकी प्रवाह येतो, तर हा म्हणाला तसलं काही नाही, जे होतं ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून होतं. आता हे धातूत कसं दाखवणार सांग? कामतांनी किरण-बिरण काही काढले नाहीत. फारियाचे हात पसरलेत आणि समोर एक बाई कोसळतेय, अंगातला जोरच गेलाय तिच्या, आणि त्या हातांच्या न् तिच्या मध्ये नुसती हवा. मला तर सगळा पुतळा त्या हवेतच आहे असं वाटतं. भोवती फिरून बघ, ती पोकळी पावलागणिक आकार बदलते.

मन तिथे वजनातून दिसतं, अंग कुठे जड पडलंय त्यातून. तुझ्या बाईचे दोन्ही खांदे तराजूसारखे सरळ आहेत, श्वासच घेत नाही ती. श्वास ओढून क्षणभर थांबलेली कर तिला. स्वतः आरशासमोर बस, गळ्याखालची हाडं किती वर येतात ते बोटाने चाचप आणि तेच बोट लगेच मातीत घाल, मध्ये विचार करत बसू नकोस.

ज्योतीच्या आतली तार मानेतल्या तारेला बांधली असशील तर ओढू नकोस हं, अख्खी मान खाली येईल. रात्री ओलं फडकं टाकून वर प्लास्टिक गुंडाळ, बाहेर पाऊस असला तरी पंख्याखाली माती तडकतेच. शनिवारी मी येतो. तोवर ज्योत काढायचा धीर झाला नाही तरी राहू दे, आपण दोघं मिळून काढू.