लाखभर वर्षांपूर्वीची प्रवाळभिंत किती खोल पाण्यात वाढली होती, हे आज कसं ओळखतात?

कोणतं प्रवाळ कुठे बसलंय, त्यावरून. पण यात एक गोम आहे. ती मला फ्लोरिडातल्या विंडली की या बेटावर कळली, म्हणून तिथून सुरुवात करतो.

शंभरेक वर्षांपूर्वी हेन्री फ्लॅग्लर या उद्योगपतीच्या रेल्वेसाठी तिथे दगड काढला. आपल्याकडच्या चिरेखाणीसारख्याच सरळ कापलेल्या भिंती, फक्त हा चिरा म्हणजे साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीचं प्रवाळ. करवतीने एक मेंदू-प्रवाळ मधोमध चिरलाय. तळापासून वर पंख्यासारख्या फाकत गेलेल्या रेघा इतक्या स्वच्छ दिसतात, की तो कुठे रुजला आणि कुठल्या बाजूला वाढला ते बोटाने दाखवता येतं.

आता खोलीचं. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि त्याला ऊन लागतं. खोल जावं तसं ऊन कमी होतं आणि लाटांचा मारही कमी होतो. त्यामुळे कॅरिबियनमध्ये भिंतीच्या माथ्यावर, बहुधा पहिल्या पाचेक मीटरांत, एल्कहॉर्न हे जाड, रुंद फांद्यांचं प्रवाळ असतं. त्याच्या खाली बारीक फांद्यांचं स्टॅगहॉर्न, आणखी खाली मेंदू-प्रवाळासारखी गोल वाढणारी प्रवाळं, म्हणजे गोळे. खोलात गेल्यावर तेच गोळे चपटे होत ताटलीसारखे पसरतात, मिळेल तेवढा उजेड गोळा करायला. बार्बाडोस बेट हळूहळू वर उचललं जातंय, म्हणून तिथे जुन्या भिंती जमिनीवर पायऱ्यांसारख्या उभ्या आहेत आणि हाच क्रम दगडात वाचता येतो. त्याच बेटालगत समुद्रतळात भोकं पाडून काढलेल्या एल्कहॉर्नवरून भूशास्त्रज्ञ रिचर्ड फेअरबँक्स यांनी 1989 मध्ये दाखवलं, की शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता.

एल्कहॉर्नचा तुकडा सापडला म्हणून लगेच ‘उथळ पाणी’ म्हणायचं नाही, हेही सांगून ठेवतो. वादळात तुटलेली फांदी उतारावरून कितीही खाली घरंगळते, आणि जिवंत एल्कहॉर्नही कधीकधी बरंच खोल आढळतं. ते वाढल्या जागी उभं आहे का, ते आधी बघायचं. त्यावर गुलाबी चुनखडी शैवालाचे जाड थर आणि गोगलगायींच्या वेड्यावाकड्या नळ्या चिकटलेल्या असतील, तर उथळपणाची खात्री वाढते.

आता गोम. विंडली कीच्या भिंतींत गोळेच गोळे आहेत, एल्कहॉर्न नाही. मी मनात लगेच ‘म्हणजे खोल पाणी’ असा निकाल देऊन मोकळा झालो होतो. 1960च्या दशकात काही अभ्यासकांनीही तसंच मांडलं होतं. दुसऱ्यांचं म्हणणं असं, की पाणी उथळच होतं, पण ही बेटं मुख्य भिंतीच्या आत, आडोशाला होती. लाटांचा मार नाही, म्हणून एल्कहॉर्न नाही. मला हेच पटतं, कारण आजही फ्लोरिडात आतल्या बाजूच्या सुट्या प्रवाळ-ढिगांवर गोळ्यांचंच राज्य आहे आणि एल्कहॉर्न, 2023च्या समुद्री उष्णतेच्या लाटेत तिथे जवळपास संपेपर्यंत, मुख्यतः बाहेरच्या भिंतीवर वाढायचं. म्हणून माझ्यापुरतं सांगायचं तर, एल्कहॉर्न दिसलं नाही की मी आता आधी विचारतो, लाटा कुठून येत होत्या? खोलीचा प्रश्न त्यानंतर.