वाचक विचारतात : छप्पर नसलेलं चर्च, दुमजली टोक

प्रश्न : स्कॉटलंडमध्ये फाइफच्या किनाऱ्यावरच्या सेंट ब्रिजेट्स या पडक्या चर्चचं पश्चिम टोक दुमजली घरासारखं का? अशा भिंती सिमेंटने का सांधत नाहीत?

उत्तर : चर्चचं पवित्रीकरण १२४४ मधलं. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर (स्कॉटलंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं) वेदी गेली, प्रवचन मुख्य झालं. पुढे डनफर्मलिनचा अर्ल (सरदार) अलेक्झांडर सेटन याच्या घराण्यासाठी हा भाग जोडला : वर चर्चमध्ये उघडणारी खास बैठक, खाली दफनघर. चर्चच्या आत पुरायला नव्या धर्मव्यवस्थेची मनाई होती; बाहेरून जोडलेला भाग ही त्यावरची सरदारी पळवाट! सेटनलाही १६२२ मध्ये इथेच पुरलं.

छप्पर गेलं की पाऊस भिंतीच्या माथ्यातून आतल्या भरावात मुरतो. सिमेंट तो कोंडून ठेवतं, थंडीत पाणी गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. म्हणून सांधे चुन्यानेच भरायचे, तेही कडक थंडी टाळून.