85 हजारांचा बंदोबस्त, पण घर भाड्याचं

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात नागाळा पार्कात तळमजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. मी शाळेत शिकवते, मिस्टर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टवर. सासूबाई निम्मे दिवस गावाकडे असतात, त्यामुळे दुपारी घर बंदच. गेल्या महिन्यात शेजारच्या अपार्टमेंटमध्ये भरदुपारी तळमजल्याचा फ्लॅट फोडला, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. सेफ्टी डोअर 26 हजार, खिडक्या आणि मागच्या बाल्कनीला ग्रिल 31 हजार, चार कॅमेरे डीव्हीआरसकट (रेकॉर्डिंगची पेटी) 28 हजार, असं एकूण 85 हजारांचं कोटेशन आहे. घरात आठ तोळे सोनं आहे, त्यात सासूबाईंचा कोल्हापुरी साज. बचत 1 लाख 80 हजार. भाडं 11 हजार, कराराचे 7 महिने उरलेत. घरमालक पुण्यात असतात. "हवं ते करून घ्या, पैसे मात्र मी देणार नाही," म्हणतात. कार्डावर नो कॉस्ट ईएमआय करून काम उरकून टाकावं का?

उत्तर : ताई, उरकून टाकू नका. तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. शेजारी घरफोडी झाल्यावर कुणाचाही डोळा लागणार नाही. पण आधी एक भागाकार करू. 85 हजार भागिले 7 महिने, म्हणजे महिन्याला 12 हजारांच्या वर. तुमच्या घरभाड्यापेक्षा जास्त. करार आणखी 11 महिने वाढला असं धरलं, तरी 18 महिन्यांत महिना पावणेपाच हजार पडतात. आणि घर सोडताना यातलं काय बरोबर नेणार? ग्रिल भिंतीत अडकलेलं, सेफ्टी डोअर त्याच चौकटीच्या मापाचं. राहिले कॅमेरे, त्यांच्याही वायरी अर्ध्या भिंतीतच राहणार.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. लग्न झाल्यावर आम्ही राजारामपुरीत भाड्याने राहायचो, तेव्हा मीही हौसेनं लोखंडी दार बसवून घेतलं होतं. पुढच्या घराची चौकट दोन इंच अरुंद निघाली. ते दार तिथंच राहिलं आणि मी पुढं गेलो. पैशाचे सल्ले देणारा माणूस मी, त्यामुळे बायकोनं हा विषय अजून सोडलेला नाही.

तेव्हा प्रश्न थोडा फिरवून विचारू. चोर आत आलाच, तर नेणार काय? टीव्ही, मिक्सर, फार तर लॅपटॉप. ते सगळं मिळून लाखाच्या आत असेल. खरी धास्ती आहे ती त्या आठ तोळ्यांची. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेल्यापासून तुमच्या गोदरेजच्या कपाटात बचतीच्या चौपटीहून जास्त ऐवज पडून आहे, आणि त्याला राखण 85 हजारांच्या लोखंडाची. मी म्हणेन, सोनं घराबाहेर काढा. मग उरलेल्या घराला साधी राखण पुरते.

लॉकरबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथं बऱ्याच जणांची गफलत होते. समजा बँकेनं वर्षाला 2,000 रुपये भाडं सांगितलं. 18 टक्के जीएसटी धरून 2,360. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू आहेत. त्यानुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँकेच्याच माणसानं केलेली फसवणूक, यात लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंत. 2,000 भाड्याला 2 लाख. तुमचं सोनं आठ लाखांच्या वरचं. म्हणजे लॉकर हा विमा नाही, ती फक्त चांगली तिजोरी आहे. आणि पूर, भूकंप, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेवर ही जबाबदारी येतच नाही. पंचगंगेकाठच्या गावात ही ओळ दोनदा वाचायची. लॉकर घेण्याआधी सरळ विचारा, लॉकर रूम कुठल्या मजल्यावर आहे? तळघरात असेल तर दुसरी शाखा बघा, मग ती थोडी लांब का असेना.

काही शाखांत "लॉकर देतो, पण दोन लाखांची एफडी करा" असं ऐकायला मिळतं. नियमात तेवढं बसत नाही. तीन वर्षांचं भाडं आणि वेळ पडल्यास लॉकर फोडायचा खर्च भागेल, एवढीच मुदत ठेव बँक मागू शकते. तुमची सगळी बचत 1 लाख 80 हजार आहे, ती लॉकरपायी अडकवू नका. आणि आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, ओळखीचे संचालक असतात, लॉकरही पटकन मिळतो. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथं हा 100 पटींचा नियम नाही. ओळख ही ओळखीच्या जागी ठेवा. लॉकरला नॉमिनी लावायला विसरू नका.

आता विमा. बरेच लोक म्हणतात, घर माझं नाही तर विमा कसला काढू? भिंतींचा विमा मालकानं काढायचा, आतलं सामान तुमचं आहे, त्याचा विमा भाडेकरूला निघतो. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडं 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आहे. त्यात आग आणि पूर येतात. तुम्ही दुसऱ्या पत्रात लिहिलंय की 2021 ला पाणी पार्किंगपर्यंत आलं होतं असं वरच्या मजल्यावरचे सांगतात. मग तळमजल्यावर चोराइतकाच पाण्याचाही विचार करावा लागतो. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि 2019 आणि 2021 दोन्ही वर्षी नदी पन्नाशी ओलांडून गेली होती. 26 हजारांचं दार पाणी अडवत नाही.

पण या पॉलिसीत एक मेख आहे. चोरी फक्त तेव्हाच धरतात, जेव्हा ती आग किंवा पुरासारख्या घटनेमुळं, त्या घटनेपासून सात दिवसांत होते. एरवीची घरफोडी त्यात नाही. ते कवच वेगळं मागून घ्यायचं. दागिन्यांचंही वेगळं, ठरलेल्या किमतीवर. साजाची पावती नसणार हे उघड आहे, तो सासूबाईंच्या सासूचा असेल. गुजरीतल्या सराफाकडून वजन आणि शुद्धतेसह मूल्यांकनाचा दाखला करून घ्या, फोटो काढा. लॉकरमधल्या दागिन्यांना प्रीमियम कमी पडतो का, हेही कंपनीला विचारा.

घरफोडीच्या विम्यात साधारणपणे जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण लागते. कडी-कोयंडा उचकटलेला, खिडकीची काच फुटलेली असं काहीतरी. किल्ली मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या स्टँडखाली ठेवून घर सहज उघडलं गेलं, तर क्लेम अडकला म्हणून समजा. कामवाल्या मावशींसाठी किल्ली बाहेर ठेवायची सवय असेल तर ती आज बंद करा, याला एक रुपया लागत नाही.

आणि आता घराकडं वळू. या घराच्या किल्ल्या आधीच्या भाडेकरूंकडं, एजंटाकडं, कदाचित रंगाऱ्याकडंही असतील. पहिलं काम, मुख्य दाराच्या लॅचचं सिलिंडर, म्हणजे किल्ली फिरते तो गाभा, बदला. जुनं जपून ठेवा, घर सोडताना तेच परत बसवा, नवं घेऊन जा. दुसरं, कोयंडा बघा. बहुतेक ठिकाणी तो पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर तगून असतो, पहारीच्या एका हिसक्यात लाकडासकट येतो. आरपार नट-बोल्ट टाकून घ्या, सुतार एका तासात करतो. शक्यतो बाहेरून मोठं कुलूप लटकवूच नका. लटकलेलं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटी. सकाळची दुधाची पिशवी दुपारपर्यंत कडीला लोंबत राहणं हीसुद्धा तीच पाटी.

स्लायडिंगच्या खिडक्यांना खालच्या खाचेत बसेल अशी लाकडी पट्टी कापून आडवी टाका. काच बाहेरून सरकतच नाही. पट्टीला शंभर रुपये फार झाले. मागच्या बाजूला सेन्सरचा दिवा लावा. कॅमेरा चार नको, एक पुरे, वायफायचा, दाराकडं तोंड करून. तो चोर अडवत नाही, फक्त दाखवतो, म्हणून त्याच्यावर जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही. शेजाऱ्यांच्या दारावर त्याचं तोंड असू नये, नाहीतर नवी भांडणं. हे सगळं लॉकरच्या भाड्यासह 12 ते 13 हजारांत बसावं, आणि लॉकर सोडला तर बाकी सामान टेम्पोत चढतं. विम्याचं कोटेशन हातात आल्यावर तेवढे वरचे धरा.

राहिलं ग्रिल. मागच्या बाल्कनीला ते खरंच लागतं, तळमजल्यावर बहुतेक तिथूनच शिरतात, हे मी नाकारत नाही. पण बाकीच्या खिडक्या सोडा, फक्त बाल्कनीचं कोटेशन वेगळं मागवा. समजा ते 12 हजार आलं. मालकांना फोनवर विचारू नका, फोनवर माणूस आधी नाहीच म्हणतो. लेखी असं मांडा : करार आत्ताच पुढच्या 22 महिन्यांसाठी करू, ग्रिल तुमचं, घराची किंमत तुमची वाढते, खर्च मी करते, भाड्यातून महिना 1,000 प्रमाणे 12 महिने वळते करा. पुण्यात बसलेल्या मालकाला भाडेकरू दीड-दोन वर्षं टिकणार, दलाली वाचणार, हे ग्रिलपेक्षा मोलाचं असतं. मान्य झालं तर ते करारातच घाला आणि करार नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं ही मालकाचीच जबाबदारी आहे, त्यामुळं नोंदणीला ते नाही म्हणू शकत नाहीत. ग्रिलच्या हिशोबाला मालक अगदीच नाही म्हणाले, तर बाल्कनीच्या आतल्या दाराला वर-खाली दोन मजबूत टॉवर बोल्ट (सरकत्या कड्या) लावून भागवा. आणि ग्रिल केलंच तर त्यातला एक पल्ला उघडणारा ठेवा, कुलूप आतून, किल्ली बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर. आग लागली तर सासूबाईंना बाहेर पडायला दुसरी वाट हवी. फॅब्रिकेटर हे स्वतःहून सुचवत नाही.

ईएमआयचं एका ओळीत : 'नो कॉस्ट' म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, रोखीची सूटही हुकते. 13 हजारांना कर्ज कशाला? बचतीतून द्या. ग्रिल धरलं नाही तर 1 लाख 65 हजारांच्या आसपास उरतात, तेवढे हात न लावता राहू द्यात, शिफ्टची नोकरी आहे.

सासूबाई साज लॉकरला द्यायला तयार होणार नाहीत, हेही मला माहीत आहे. नवरात्रात अंबाबाईला जाताना गळ्यात साज हवाच. मग असं करा, लॉकर त्यांच्या आणि तुमच्या दोघींच्या नावावर घ्या, किल्ली त्यांच्याच हातात द्या. दसऱ्याला बँक बंद असते, तेव्हा दोन दिवस आधी त्यांना रिक्षानं बँकेत न्या, साज त्यांनाच काढू द्या. सुट्टी संपली की पहिल्याच कामाच्या दिवशी परत. तेवढ्या दिवसांत मात्र घर बंद करून कुठं जाऊ नका.