शेरा कामावरूनच लिहायचा

प्रिय बाये,
अनेक आशीर्वाद.

"सगळ्यांनाच व्हेरी गुड देऊन मोकळी होऊ का?" हे हाताखालच्यांच्या वार्षिक कामगिरी अहवालातल्या शेऱ्यांबद्दलचं तुझं वाक्य वाचल्यापासून अस्वस्थ आहे. अडचण कळते गो. नवा हुद्दा, हाताखाली वयानं मोठे कारकून, त्यातल्या एकाची आमदारांकडे ऊठबस. तरीही शेरा कामावरूनच लिहायचा.

तुझ्या काउंटरवरची ती एलडीसी, म्हणजे कनिष्ठ कारकून, वाळपईहून आलेल्या बाईचा अर्ज तिच्यासमोरच तपासते आणि कुठले कागद कमी आहेत ते चिठ्ठीवर लिहून देते. बाईचा एक हेलपाटा वाचतो. शेजारचा मात्र आवक नोंदवहीत अर्ज चढवतो आणि आठवडाभर फाईल हलवत नाही. दोघांना एकच शेरा? मग तिनं उद्या चिठ्ठी का लिहावी? घटनेच्या कलम 16 मधली समान संधी नेमणुकीच्या दिवशी संपत नाही, बढतीलाही ती लागू आहे, आणि बढतीची समिती हेच अहवाल उघडून बसते. आपल्या गोव्यात 2019 साली कर्मचारी निवड आयोगाचा कायदा झाला, चांगलंच झालं. पण परीक्षा देऊन आलेल्या मुलीचं पुढं काय व्हायचं ते तुझ्या पेनावर आहे.

कमी शेरा लपवून देऊ नकोस. देव दत्त खटल्यात त्या अधिकाऱ्याला 'गुड' दिलं होतं, बढतीला 'व्हेरी गुड' लागत होतं, आणि त्याला काही कळवलंच नव्हतं. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, प्रत्येक शेरा कळवा. म्हणून वर्षभर वही ठेव: तारीख, फाईल नंबर, काय राहिलं. मार्चमध्ये आठवून लिहिलेल्या शेऱ्यात राग तरी उतरतो नाहीतर भीड. आणि शेरा बदल म्हणून कुणाचा फोन आला तर लेखी माग. शेरा कामावरून लिहायचा, फोनवरून नव्हे. किती वेळा सांगू?

मी हट्टी, असं तू ऐकलंच असशील. अशाच एका शेऱ्यापायी माझी बदली काणकोणला झाली, मागचे पुढे गेले, घरच्यांना त्रास झाला, त्याची खंत आहे. पण त्या टेबलावर विधवांच्या पेन्शनचे अर्ज धूळ खात होते, ते मी नंबरासकट नोंदवले होते. आजही तसंच लिहीन.

त्या कारकुनाला आधी दार लावून बोलाव. घरी आजारपण असेल, कॉम्प्युटर येत नसेल, तर विचार, शिकव, वेळ दे. तरी सुधारला नाही तर नंबरासकट लिही. केंद्राच्या नियमांत म्हणणं मांडायला 15 दिवस मिळतात. त्यानं म्हणणं दिलं आणि वरून तुझा अभिप्राय मागवला, तर तो हेड क्लार्ककडून लिहून घेऊ नकोस. स्वतः लिही.

तुझा
काका