‘पिक्चरच आहे ना तो, सोडा की!’

“माझ्या आवडत्या सिनेमाला कुणी नावं ठेवली की डोक्यातून ते जातच नाही. रात्र रात्र झोप लागत नाही. माझ्यात काही बिघाड आहे का?” समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. सिनेमाच्या जागी कधी मालिका असते, कधी कोरियन गायकांचा गट, कधी एखादा नट. विचारणारा माणूस बहुतेकदा ओशाळलेला असतो, कारण घरातल्या सगळ्यांनी त्याला एकच वाक्य ऐकवलेलं असतं: पिक्चरच आहे ना तो, सोडा की!

मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. का, ते एका अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील बदलले आहेत.

तिशी ओलांडलेला तरुण, पुण्यात एका बँकेच्या कर्ज विभागात नोकरी, मूळ गाव करमाळ्याच्या बाजूचं. बायकोने आग्रहाने पाठवलं म्हणून आलेला. सिनेमा होता ‘सैराट’. मार्च २०२५मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि ऑफिसात डबा खाताना विषय निघाला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “गाणी चांगली आहेत, पण ती गावंढळ भाषा तीन तास कोण ऐकणार? आणि असली पोरं पाटलाच्या मुलीवर डोळा ठेवतात, हे काय दाखवायचं?” हा अर्धा डबा तसाच टाकून उठला. त्याच आठवड्यात हॉस्टेलपासूनचा जिवलग मित्र फोनवर म्हणाला, “उत्तरार्ध लय लांबलाय राव. ते हैदराबादला गेले आणि मला डुलकी लागली.” याने फोन कापला आणि पुढे कित्येक दिवस मित्राचा फोन घेतला नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर अनोळखी लोकांशी त्याच सिनेमावरून वाद घालायचा आणि सकाळी बँकेत येणाऱ्या माणसांवर खेकसायचा.

पहिल्या भेटीत झोप, भूक, दारू, कामातल्या चुका हे सगळं विचारून घेतलं. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मग म्हटलं, “तुम्ही हा सिनेमा पहिल्यांदा कुठे पाहिलात, ते सांगा.” त्यानंतर तास संपेपर्यंत मला फारसं बोलावं लागलं नाही.

२०१६चा मे महिना, बार्शीचं थिएटर, सोबत आई-वडील. लग्नानंतर आई पहिल्यांदाच टॉकीजची पायरी चढली होती. ‘झिंगाट’वर लोक खुर्च्या सोडून नाचले, ते महाराष्ट्रभर झालं. याच्या मनात राहिलं होतं ते वेगळंच. पडद्यावरची विहीर, उसाचं रान, तो पाण्याचा फुगवटा हे सगळं त्याच्या पायाखालचं होतं, कारण चित्रीकरण करमाळा तालुक्यातलंच. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. म्हणजे दोघंही त्याच्याच सोलापूर जिल्ह्यातले. ती बुलेटवरून आली, बोलायला लागली आणि आई त्याच्या कानाशी म्हणाली, “अगं बया, ही तर आपल्यावानीच बोलतीया!” तोवर या माणसाने आपली बोली पडद्यावर ऐकली होती ती घरगड्याच्या तोंडी नाहीतर हसवण्यापुरती. इथे ती प्रेम करत होती, रुसत होती, अजय-अतुलच्या सुरावटीवर गात होती.

शेवट पाहून वडील घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्याचं कारण मला तिसऱ्या भेटीत कळलं. त्याच्या आत्याच्या मुलाने जातीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं होतं. जीव वाचला, पण ते घर पुढे दोन वर्षं गावात पाऊल टाकू शकलं नाही. स्वतःची जातही त्याने मला त्याच दिवशी सांगितली, खाली बघत.

आता त्या डब्याच्या टेबलावरचं वाक्य पुन्हा वाचा. अशा वेळी रागावलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगणं मला पटत नाही. मी त्याला स्पष्ट सांगितलं, “तुमचा राग रास्त आहे. तुमच्या आईच्या बोलीला आणि तुमच्यासारख्या मुलांना समोरासमोर हिणवलं गेलं. त्या माणसाने सिनेमाचं फक्त निमित्त केलं.” त्याला रडू आलं. इतके दिवस सगळे त्याला अतिसंवेदनशील म्हणत होते, आणि त्यानेही ते मान्य करून टाकलं होतं.

पण मग मित्राचं काय? तो याच्याच जिल्ह्यातला, तसंच बोलणारा. त्याने कुणाला हिणवलं होतं? इथे मला त्याला अडवावं लागलं.

हेन्री ताज्फेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या शाळकरी मुलांवर केलेले काही प्रयोग १९७०च्या सुमारास प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकात मुलांना चित्रं दाखवली आणि तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली की कँडिन्स्कीची, यावरून तुमचे दोन गट केलेत, असं सांगितलं. प्रत्यक्षात गट वाटेल तसे पाडले होते. आपल्या गटात आणखी कोण आहे हेही मुलांना माहीत नव्हतं. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. एवढंच नाही, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त हवेत, असाही त्यांचा कल दिसला. नुसत्या आवडीच्या नावावर पाडलेली फळी एवढं करू शकते. इथे तर त्या आवडीत आई होती, गाव होतं, आत्याचं घर होतं. मग “उत्तरार्ध लांबलाय” एवढं म्हणणारा मित्रही पलीकडच्या फळीत दिसू लागला, यात नवल नाही. पण तो तिथे नव्हता.

मी त्याला एक काम दिलं. जे वाक्य लागलं ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. आपल्याला काय ऐकू आलं ते नको, समोरचा काय बोलला तेवढंच. मग त्या वाक्यातून सिनेमा काढून टाकायचा आणि मागे काय उरतं ते बघायचं. “उत्तरार्ध लांबलाय, मला डुलकी लागली.” यातून सिनेमा काढला तर काहीच उरत नाही. ते मत आहे, त्यावर वाद घाला, हसा, चिडवा. “गावंढळ भाषा, असली पोरं.” यातून सिनेमा काढला तरी वाक्य तसंच्या तसं उभं राहतं. ते सिनेमाबद्दल नव्हतंच. त्याला उत्तर द्यायचं तर सिनेमाची बाजू घेऊन उपयोग नाही, त्याला मिळालेली दाद आणि गल्ला सांगूनही नाही. जे बोललं गेलं, त्यालाच उत्तर द्यायला हवं.

वही आणली तेव्हा पानं भरली होती. रात्री मोबाइलवर ज्यांच्याशी भांडला होता, त्यांतली बहुतेक वाक्यं पहिल्या प्रकारची निघाली. ते पाहून तो स्वतःच चकित झाला. रात्रीचे वाद त्याने थांबवले, त्यासाठी मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

मित्राला त्याने स्वतःहून फोन केला आणि विचारलं, “का लांबला वाटला, ते सांग.” नंतर आपलं मतही मांडलं: हैदराबादेत पळून गेल्याची धुंदी उतरते, खोली, पैसे, संशय, भांडणं सुरू होतात, आणि तो कंटाळा बघणाऱ्यालाही जाणवावा म्हणूनच ती लांबण आहे. मित्राला ते पटलं नाही. दोघं तासभर बोलत होते. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. त्या फोनवर हा म्हणाला, “नायिकेच्या भावाला, प्रिन्सला, अजून थोडं माणूस करायला हवं होतं.” आपल्या लाडक्या कलाकृतीतलं उणं माणूस स्वतःच्या तोंडाने सांगू लागला की माझा जीव भांड्यात पडतो. मग कुणी तिला नावं ठेवली तरी तो स्वतः मोडून पडत नाही. मित्राने मात्र प्रिन्सचीच बाजू घेतली म्हणे!

सहकाऱ्याचं प्रकरण इतकं गोड झालं नाही. काय बोलायचं याची आम्ही तालीम केली होती. त्याने डब्याच्या वेळी, आवाज न चढवता सांगितलं, “सर, सिनेमा तुम्हाला आवडला नाही, ठीक आहे. पण माझ्या घरी सगळे तसंच बोलतात. तिला गावंढळ म्हणू नका. आणि ‘असली पोरं’ म्हणालात, त्यातलाच मी एक आहे.” टेबलावर कुणी काही बोललं नाही. “मला तसं म्हणायचं नव्हतं,” एवढं पुटपुटून ते गृहस्थ उठले. माफी मागितली नाही, पुढेही नाही. पण त्या रात्री हा सलग झोपला.

त्याची बायको एकदा माझ्याकडे आली तेव्हा तिला मी एवढंच सांगितलं, की “सोडा की” म्हणायच्या आधी “काय म्हणाला तो?” असं विचारा. झोप, काम, नाती यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम होत असेल किंवा हातघाईची भाषा सुरू झाली असेल, तर समुपदेशकाकडे जरूर या. ‘सिनेमापायी कसं जायचं’ म्हणून लाजू नका.

आमच्या भेटी आता थांबल्या आहेत. तो अजून त्याच बँकेत आहे आणि डबाही त्याच टेबलावर खातो. त्या सहकाऱ्यांशी बोलणं कामापुरतं.